फ्रंट एक्सल काढून टाकायच्या आधी तो कुठला आहे ते तरी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका भल्या माणसाने सल्ला दिलाय की ज्यांच्याकडे जुन्या फोर व्हील, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणाऱ्या, जीपा, ट्रक, पिकअप आहेत त्यांनी पुढची चाकं फिरवणारा एक्सल सरळ काढून टाकावा आणि टू व्हीलचा, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा, साधा बीम बसवून घ्यावा, म्हणजे आवाज बंद, ऑइल गळती बंद, डिझेल पण वाचतं, नाहीतरी आता फोर व्हील कोण लावतंय. हेतू चांगला असेल त्यांचा, पण पेपरात छापून आलं की लोकांना ते खरं वाटतं, आणि लगेच गॅरेजवर विचारायला माणसं यायला लागली, मिस्त्री पेपरात आलंय, आपला पण काढून टाकू का.

नका काढू. का नको ते जरा सविस्तर लिहितो, जागा जास्त लागेल पण तेवढी द्या, बाकी काय कापायचं ते कापा फक्त आकडे कापू नका.

कायद्याचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, त्यात गाडीच्या मूळ कंपनीच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. एमएच ११ असो, एमएच ५० असो, पंधरा वर्षांनंतर पासिंगला गाडी न्यावीच लागते, आणि तिथं कोणी खाली वाकून बघितलं तर उत्तर मालकाला द्यायचंय, बीम बसवणाऱ्याला नाही. बरं काढलेला एक्सल जातो कुठं, भंगारात. तिथून तो किलोवर उचलला जातो आणि उद्या परत बसवायचा म्हटलं तर तसा मिळत नाही, कारण असले एक्सल आता कोणी बनवत नाही.

आणि फोर व्हील कोण लावतंय हे ज्यांनी लिहिलंय ते बहुतेक हायवेला राहतात. जुलैमध्ये एकदा बामणोलीच्या बाजूला या, किंवा पाटणच्या वर मोरगिरीकडं, किंवा चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला. लाल माती भिजली की टू व्हीलची जीप रिकामी असली तर मागनं नुसती फिरती, भरलेली असली तर खाली घसरती. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी आल्या तेव्हा रस्त्यांची काय अवस्था होती ती सगळ्यांनी बघितली आहे. दुधाची किटली असो, बाळंतीण असो, त्या भागात पावसाळ्यात काम करतो तो पुढचा एक्सलच.

आता मूळ मुद्दा. फ्रंट एक्सल बदनाम झालाय तो खराब असतो म्हणून नाही, तो कुठला आहे हे न बघताच त्याला हात लावला जातो म्हणून. माणूस गॅरेजला येतो, म्हणतो जीपचा फ्रंट आवाज करतोय, मिस्त्री दुकानात फोन करतो, म्हणतो जीपचा क्राऊन टेलपिनियन (एक्सलमधली मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) पाठवा, दुकानदार विचारतो कुठली जीप, इकडनं सांगतात महिंद्रा, आणि मग जे येतं ते बसवायचा प्रयत्न होतो. महिंद्रानं १९४७ पासून अमेरिकन विलीज कंपनीच्या जीपा जोडायला घेतल्या आणि त्यानंतर सीजे ३बी, सीजे ५००, एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, मेजर, आर्माडा अशी किती नावं झाली, शिवाय ते नाक नसलेले चपटे एफसी १५० आणि एफसी १६० ट्रक, शिवाय मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या जोंगा आणि वन टनर. सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा, अपशिंगे गावाला तर मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, त्यामुळं रिटायर झालेल्या माणसाला लिलावातली गाडी घ्यायची हौस असतेच. आता जोंगा म्हणजे निसानची पॅट्रोल नावाची गाडी, जबलपूरला बनलेली, तिच्या फ्रंटला जीपचा पार्ट शोधून काय उपयोग. पण शोधतात लोक.

आणि कागदावर जे लिहिलंय ते गाडीखाली असेलच असं समजू नका. या गाड्यांना चार चार मालक झालेत, प्रत्येकानं काहीतरी बदललंय. आरसी बुक सीजे ३बी चं, इंजिन प्यूजोचं, मागचा एक्सल तिसऱ्याच गाडीचा, आणि फ्रंट मात्र जसाच्या तसा मूळचा. म्हणून मॉडेलचं नाव विसरा, गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना दगड लावा, गोणपाट टाका आणि स्वतः खाली जा. खाली गेल्यावर काय बघायचं ते सांगतो.

आधी डिफ्रन्शल, म्हणजे एक्सलवरचा क्राऊन असलेला फुगीर भाग, कुठल्या बाजूला आहे ते. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपांना ट्रान्सफर केसमधून (इंजिनची ताकद पुढं मागं वाटणारी पेटी) शाफ्ट उजवीकडून निघतो म्हणून पुढचा पण आणि मागचा पण डिफ्रन्शल उजव्या अंगाला असतो, म्हणजे आपल्याकडं ड्रायव्हरच्या खाली. पुढचा उजवीकडं आणि मागचा बरोबर मध्ये दिसला तर समजा की कोणीतरी आधीच खेळ केलाय, मागचा एक्सल किंवा ट्रान्सफर केस बदललेली आहे, आणि तिथनं पुढं प्रत्येक गोष्ट संशयानं बघायची.

मग झाकण. डेना या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या हौसिंगला, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या लोखंडी कवचाला, झाकण असतं, ते काढलं की क्राऊन समोर दिसतो. जिप्सीला तसं नाही, तिचा सगळा गिअरचा गोळा शाफ्टच्या बाजूनं बाहेर येतो. इथं एक गैरसमज फार आहे, बरेच जण झाकणाचे बोल्ट मोजतात आणि सांगतात दहा बोल्ट आहेत म्हणजे अमुक एक्सल. अहो डेना २५ ला दहा, २७ ला दहा, ३० ला दहा, ४४ ला दहा आणि ६० ला पण दहाच बोल्ट. मोजून काही कळत नाही. कळतं ते क्राऊनच्या मापावरून आणि हौसिंगवरच्या आकड्यावरून. ३० चा क्राऊन साधारण सव्वासात इंचाच्या आत, ४४ चा साडेआठ इंच, ६० चा पावणेदहा इंच, आणि २५, २७ हे ३० पेक्षा पण लहान. अमेरिकन डेना हौसिंगच्या ओतकामातच हा आकडा उठलेला असतो, खालच्या कडेला किंवा रिबवर, आणि नळीवर ठोकलेला एक लांब नंबर असतो, तो तर त्या एक्सलची जन्मपत्रिकाच. पण हे बघायला आधी वायर ब्रश मारावा लागतो, चिखल, ग्रीस आणि तीन वेळा मारलेला काळा रंग खरवडावा लागतो. तेवढं कोणी करत नाही हो. झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रेशो लिहिलेला असतो, पण ती पट्टी आजपर्यंत टिकलेली फार कमी गाड्यांना सापडते.

एफसी ट्रकवाल्यांसाठी एक वेगळं सांगतो. अमेरिकेत विलीजच्या मूळ एफसी १५० ला पुढं डेना २५ आणि मागं डेना ४४ होता, आणि मोठ्या एफसी १७० ला पुढंच ४४. म्हणजे नाव एकच, चेहरा एकच, पण पुढचा एक्सल दोन वेगळ्या घरचा. म्हणून एफसीचा फ्रंट असं नुसतं म्हणून पार्ट मागवू नका.

त्यानंतर नकल, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो सांधा. चाकाच्या आतल्या बाजूला मोठा गुळगुळीत लोखंडी गोळा दिसतो आणि त्याच्यावर वाटी फिरते, त्याला बंद नकल म्हणतात, जुन्या विलीजपासून महिंद्राच्या बहुतेक जुन्या जीपांपर्यंत हेच आहे. अमेरिकेत १९७२ पासून जीपला डेना ३० आला तेव्हा उघडी नकल आली, त्यात शाफ्टचा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, बाहेरून दिसतो. बंद नकलच्या आत कुठला जॉइंट आहे हे मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. युद्धाच्या काळातल्या जीपांना बेंडिक्स, झेपा, ट्रॅक्टा असे वेगवेगळे जॉइंट होते, नंतर साधा क्रॉस आला. क्रॉस असेल तर नशीब, तो आजही मिळतो. बाकीचे मिळाले तर जपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते. माझ्या मते फ्रंटच्या नावानं होणाऱ्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात. जुन्या जीपेला ५.३८ असतो, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि टेलपिनियनला ८. नंतरच्या गाड्यांत ४.८८ म्हणजे ३९ आणि ८, आणि ४.२७ म्हणजे ४७ आणि ११ पण सापडतात. आता मालक म्हणतो गाडी पळत नाही, हायवेला इंजिन बोंबलतंय, मग कोणीतरी त्याला मागचा एक्सल ४.२७ चा टाकून देतो. गाडी पळायला लागते, मालक खूश. पुढचा तसाच ५.३८. आणि पहिला पाऊस पडून गडी जेव्हा फोर व्हील टाकतो तेव्हा गाडी अडकल्यासारखी होते, स्टेअरिंग ओढतं, गिअर निघत नाही, ट्रान्सफर केसमधून ठोके येतात, आणि मग सगळे मिळून म्हणतात फ्रंट गेला. फ्रंट कुठं गेला, पुढची चाकं एका हिशोबानं फिरायला बघतायत आणि मागची दुसऱ्या, मध्ये ट्रान्सफर केस पिळून निघतीय. चिखलात टायर घसरतो म्हणून काही वेळ चालून जातं, डांबरावर किंवा कातळावर काहीतरी तुटतं.

हे ओळखायला झाकण पण काढायला लागत नाही. गाडी सपाट सरळ रस्त्यावर घ्या, गिअर न्यूट्रल, फोर व्हील काढलेली, फ्री व्हील हब (पुढचं चाक शाफ्टपासून मोकळं करायची कळ) असतील तर ते लॉक करा म्हणजे पुढचा शाफ्ट फिरेल. पुढच्या आणि मागच्या दोन्ही शाफ्टवर खडूनं रेघ मारा. टायरवर पण एक रेघ. आता दोन माणसांनी गाडी सरळ ढकलायची, टायर पाच फेरे फिरेपर्यंत, जीपच्या टायरला साधारण पस्तीस छत्तीस फूट होतात, आणि दोघांनी दोन्ही बाजूला वाकून शाफ्टचे फेरे मोजायचे. ५.३८ असेल तर २७ च्या जवळ येतील, ४.८८ असेल तर साडेचोवीसच्या आसपास, ४.२७ असेल तर २१ आणि वर थोडं. पुढचं आणि मागचं एकच आलं पाहिजे. पुढं २७ आणि मागं २१ आलं तर फ्रंटला दोष देऊ नका, जोडी लावा. मागचा परत ५.३८ करा नाहीतर पुढं पण ४.२७ टाका, मधला मार्ग नाही. आणि चारी टायर एका मापाचे आहेत का ते पण याच वेळी बघून घ्या, पुढं घासलेले आणि मागं नवे कोरे मोठे टायर टाकले तरी थोड्या प्रमाणात हीच पीडा होते.

माझ्याकडं पाटणच्या बाजूची एक जीप आली होती तिच्या मालकाला एका दुकानानं नवीन क्राऊन टेलपिनियन दिला, मग बेअरिंगचा सेट दिला, मग ट्रान्सफर केसचे गिअर दिले. प्रत्येक वेळी काही दिवस बरं आणि परत ठोके. खडूच्या रेघेत कळलं की पुढं मागं रेशोच वेगळा. नवीन टाकलेला क्राऊन पण जुन्याच रेशोचा, म्हणजे बिचाऱ्यानं पैसे घालून रोग जसाच्या तसा परत बसवून घेतला. दुकानदाराची चूक म्हणायची तर त्यानं मागितलं तेच दिलं. दोष विचारण्यात होता.

रेशो जुळला आणि तरी त्रास आहे, तर मग दुरुस्ती. जास्त करून येणारी तक्रार म्हणजे चाळीसच्या पुढं गेलं की, किंवा खड्ड्यात एक चाक गेलं की, स्टेअरिंग असं थरथरतं की हात सुटतात. लोक लगेच स्टेअरिंग बॉक्स बदलतात. आधी पुढचं चाक जॅकवर घ्या, टायर वरून आणि खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, ब्रेक दाबून पण हलतंय तर किंगपिनचं, म्हणजे नकल ज्या वरच्या खालच्या खुंट्यांवर वळते त्यांचं, बेअरिंग. मग टायर डावी उजवीकडून धरून हलवा, तिथं प्ले असेल तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बघा. एवढं केल्याशिवाय एक पण पार्ट विकत घ्यायचा नाही.

व्हील बेअरिंग सैल असेल तर बाहेरचा फ्लँज किंवा हब काढला की आत दोन मोठे नट आणि मध्ये वळवायची चकती असते. आतला नट चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत आवळायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागं घ्यायचा, चकती वळवायची, बाहेरचा नट आवळून त्याच्यावर चकतीची दुसरी कड वळवायची. छिन्नी हातोड्यानं ठोकून नट फिरवणारे मिस्त्री आहेत आपल्याकडं, नटाचे सगळे कोपरे गेलेले दिसले की समजायचं आधी कोण येऊन गेलंय. त्याचा खोल पाना मिळतो, नाहीतर लेथवाल्याकडून पाइपाला करून घ्या.

किंगपिनचं काम जरा नाजूक. वर आणि खाली टोप्या असतात, प्रत्येकीला चार बोल्ट, आणि टोपीखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या. वरच्या शिम वरच्या डब्यात आणि खालच्या खालच्या डब्यात ठेवायच्या, एकत्र करायच्या नाहीत, त्या शिमांनीच नकल बरोबर मध्यावर राहते. बेअरिंग बदलल्यावर ऑइल सील न लावता नकल हातानं फिरवून बघायची, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून किती ओढ लागते ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याशी जुळवायचं. फार सैल ठेवली तर थरथर तशीच, फार आवळली तर स्टेअरिंग वळून परत येत नाही. आणि बेअरिंग घेताना दुकानात जाऊन जीपचं बेअरिंग द्या म्हणू नका, जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो तो वाचून घ्या. विलीज पद्धतीच्या एक्सलला किंगपिनचं बेअरिंग ११५९० आणि त्याची वाटी ११५२०, व्हील बेअरिंग १८५९० आणि वाटी १८५२०. आत बाहेर दोन्हीकडं एकच. हे नंबर ट्रॅक्टर आणि इतर मशिनरीच्या दुकानात पण मिळतात, जीपच्या पार्टच्या दुकानातच जायला पाहिजे असं नाही. वाटी जुनी ठेवून नुसतं बेअरिंग नवीन टाकणं हा पैसे वाचवायचा प्रकार नाही, तो पैसे दोनदा घालवायचा प्रकार आहे.

त्यानंतर ऑइल गळती, ज्याच्यासाठी त्या वाचकानं एक्सलच काढून टाकायला सांगितलंय. नकलच्या गोळ्यावरून ऑइल गळतंय तर सील बदला, पण सील बदलायच्या आधी गोळ्यावर बोट फिरवा. गंजून खड्डे पडलेले असतील तर नवीन सील महिनाभरात कापलं जाणार. खड्डे भरून, घासून, बारीक पॉलिश पेपर मारून गोळा गुळगुळीत केला तरच सील टिकतं. आणि डिफ्रन्शलचं ऑइल कमी होतंय पण बाहेर गळताना दिसत नाही, तर ते आतल्या शाफ्टच्या सीलमधून नकलमध्ये चाललंय, नकलच्या प्लगमधून पातळ ऑइल भसाभस बाहेर आलं की कळतं.

आणि हे सगळं करायच्या आधी ब्रिदर बघा. एक्सलच्या नळीवर छोटा टोपीसारखा ब्रिदर असतो, तो चिखलानं बुजलेला असतो शंभरातल्या कितीतरी गाड्यांत. एक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, जायला वाट नाही म्हणून ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. मग गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की उलटं होतं, आतली हवा आक्रसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढून घेते. फुकटचं काम आहे, पेट्रोलमध्ये धुवायचा आणि फुंकर मारून बघायची. जमलं तर रबरी नळी लावून ब्रिदर वर बॉनेटखाली न्यायचा.

सांगलीकरांना हे जास्त सांगायला पाहिजे. २०१९ च्या पुरात किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, सीट वाळवल्या, गाडी चालू झाली म्हणून समाधान मानलं. पुढच्या एक्सलचं ऑइल बघितलं कोणी, फोर व्हील तर वापरातच नाही. प्लग काढला की आतून दुधाच्या चहासारखं ऑइल निघतं, ते म्हणजे पाणी मिसळलेलं. अशी गाडी तशीच ठेवली की पाणी खाली बसतं आणि बेअरिंगचे रोलर जिथं टेकलेत तिथं गंजाची रेघ पडते, मग वर्षा दोन वर्षांनी आवाज येतो आणि कोणाला आठवत पण नाही की हे पुराचं आहे. २०२१ ला परत पाणी आलं. नदीकाठच्या गावातली जुनी फोर व्हील कोणी विकत घेत असेल तर डिफ्रन्शलचा आणि दोन्ही नकलचा प्लग काढून बोट घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. गाडी त्या पाण्यात होती असं कळलं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, झाकण काढा, डिझेलनं धुवा, बेअरिंग बघा.

नकलमध्ये काय भरायचं यावर पण दोन मतं आहेत. बरेच जण साधं चासिस ग्रीस ठासून भरतात, म्हणजे गळत नाही. गळत नाही खरं, पण ते ग्रीस एका बाजूला चिकटून बसतं आणि वरचं किंगपिन बेअरिंग कोरडं राहतं. आत जॉइंट फिरताना ऑइल वर उडालं पाहिजे. मी १४० चं गिअर ऑइल प्लगच्या लेव्हलपर्यंत भरतो, डिफ्रन्शलला ९० चं. थोडं ओलं राहतं बाहेर, राहू दे. आणि ज्यांनी फ्री व्हील हब बसवलेत त्यांनी महिन्यातनं एकदा तरी हब लॉक करून गाडी थोडी चालवावी, फोर व्हील टाकायची गरज नाही, हब लॉक केले की आतला शाफ्ट फिरतो आणि सगळीकडं ऑइल लागतं. वर्षभर हब मोकळे ठेवून पावसाळ्यात एकदम लॉक केले तर आत काय अवस्था असेल सांगता येत नाही.

क्राऊन टेलपिनियन बदलायचाच असेल तर एवढंच सांगतो की तो जोडीनं येतो, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळला नाही तर घेऊ नका, आणि भंगारातनं एक एक वेगळा आणून जोडी बनवायचा उद्योग करू नका. बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दात्यांमधली मोकळीक, जुन्या जीपला ५ ते ७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतो, तो डायल लावून मोजायचा असतो, हातानं हलवून अंदाजानं नाही. दात्यांना शेंदूर लावून फिरवून बघायचं डाग कुठं उमटतोय, दात्याच्या मधोमध आला तर शिम बरोबर. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करा, प्रत्येक गॅरेजला येतं असं नाही, आणि येत नाही म्हणणाऱ्या मिस्त्रीचा राग मानू नका, तो प्रामाणिक आहे.

खड्ड्यात आपटून हौसिंग वाकलेलं असेल तर टायर आतल्या बाजूनं खातो आणि टो इन (पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवणं) कितीही वेळा केला तरी परत तेच. टो इन जुन्या जीपला अगदी थोडा लागतो, साधारण एक ते अडीच मिलिमीटर, त्याच्यावर टायर खात असेल तर नळी वाकली आहे का ते बघा. गॅसनं तापवून सरळ करणारे आहेत, मला ते पटत नाही, तापवलेली जागा परत तिथंच वाकते. प्रेसवर गार सरळ करणारा शोधा, नाही मिळाला तर दुसरं हौसिंग बघा, आणि दुसरं हौसिंग बघायची वेळ आली की कळेल त्या पत्रलेखकाचं ऐकून किती चांगली हौसिंग भंगारात गेली ते.

तर साहेब, हे पत्र छापणार असाल तर बेअरिंगचे नंबर छापून झाल्यावर एकदा माझ्या हस्ताक्षराशी ताडून बघा. मागं तुमच्याकडं शेतीच्या पानावर औषधाचं प्रमाण चुकून छापलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली होती. इथं ११५९० चं ११९५० झालं तर दुसऱ्या दिवसापर्यंत कराडच्या सगळ्या बेअरिंगच्या दुकानातनं लोक शिव्या घालत परत येतील, आणि त्या मला घालतील, तुम्हाला नाही.

आपला,
एक गॅरेजवाला मिस्त्री,
कराड, जि. सातारा